किल्ल्याची माती, बाजारची काच

पुतणीचे लग्न माघात करायचे ठरले आणि भालकीहून आत्याबाईंचा निरोप आला : "रुखवताचे बाकी सारे मी पाहते. माझ्या ट्रंकेतला आरसा तेवढा चांगल्या चौकटीत बसवून हवा. तो पोरीला द्यायचा आहे. बाजारातली प्लास्टिकची चौकट आणाल, तर दारातूनच परत पाठवीन."

आत्याबाईंचे वय सत्त्याऐंशी. त्यांचा शब्द आमच्या घरात आजवर कोणी खाली पडू दिलेला नाही. बीदर जिल्ह्यातील भालकी हे आमचे मूळ गाव. वडील नोकरीनिमित्त हैदराबादेस आले, काचीगुड्यात बिऱ्हाड थाटले, आणि आम्ही तिथलेच होऊन गेलो. तरी घर म्हटले की डोळ्यांपुढे भालकीचाच वाडा येतो. आत्याबाईंना १९५४ साली उदगीरला दिले होते. अवघ्या दोन वर्षांत त्या कपाळ पुसून माहेरी परत आल्या. त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद हे भाग बीदरसह म्हैसूर राज्याला मिळाले. आत्याबाई अजूनही हसत हसत सांगतात, "सासर परराज्यात गेले, मी माहेरी राहिले. सरकारनेच निकाल लावून दिला."

त्यांच्याबरोबर उदगीरहून जी ट्रंक आली, तिच्या तळाशी हा आरसा होता. बारा इंच रुंद, अठरा इंच उंच. लग्नात मिळालेला. त्याची मूळची चौकट वाळवीने केव्हाच खाल्ली आणि कडेने काळे डाग पडू लागले; पण मधली काच मात्र स्वच्छ राहिली आहे.

आमच्या भागातील रुखवत कसे असे, हे आजच्या मुलींना सांगावेच लागेल. आता रुखवताचे तयार संच मिळतात. पैसे मोजले की टेबलावर मांडायचे. पूर्वी एकेक वस्तू घरी होई, आणि तीही घरात पडलेल्या जिनसांतून. फुटक्या बांगड्यांच्या तुकड्यांची तोरणे, कवड्या लावलेली इरकली खणाची पिशवी, काचमण्यांचा पोपट, डाळी-तांदळाचे दाणे चिकटवून केलेला गणपती, सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागदाचे तुळशीवृंदावन आणि मधोमध सजवलेला आरसा. भालकीच्या आमच्या गल्लीत पन्नास वर्षांत जितकी लग्ने झाली, त्यांपैकी बहुतेकांच्या रुखवताला आत्याबाईंचा हात लागला. मांडवात मात्र त्या मागच्या खोलीत बसत. त्या काळची रीतच तशी होती, आणि आम्हां लहानांना त्यात काही वेगळे वाटतही नसे.

आता त्यांच्या हाताला कंप आहे. म्हणून चौकटीचे काम आमच्याकडे आले.

दिवाळी आटोपल्यावर आम्ही दोघे निघालो, ते प्रथम बीदरला. मनात बेत असा की चौकट बिदरी कामाची करावी. काळ्याभोर धातूत चांदीची वेल, मध्ये आत्याबाईंचा आरसा. कल्पनेला काही पैसे पडत नाहीत.

जहिराबाद मागे पडले की लाल माती सुरू होते आणि पठाराच्या कडेवर बीदरचा किल्ला दिसू लागतो. गुलबर्ग्याहून बहमनी राजधानी पंधराव्या शतकात अहमदशहाने इथे आणली. तिच्यानंतर बरीदशाही आली. किल्ल्यात शिरल्यावर जवळच रंगीन महाल आहे. आज दिसणारी त्याची सजावट अली बरीदशहाच्या काळातली, म्हणजे सोळाव्या शतकातली, मानली जाते. पहारेकऱ्याने कुलूप काढले. आत लाकडी खांबांवर नाजूक कोरीव काम, भिंतींवर रंगीत कौलांचे तुकडे, आणि दरवाजाच्या चौकटीला लकाकणाऱ्या काळ्या दगडात बसवलेले शिंपल्याचे जडावकाम. दारातून आलेला उजेड शिंपल्यावर पडला की तो पांढरा राहत नाही. त्यात गुलाबी, हिरवी, निळसर झाक हलते.

आम्ही बराच वेळ उभे होतो. हिरे नाहीत, पाचू नाहीत. समुद्राच्या पोटातून निघालेला शिंपला आणि काळा दगड! शिंपला हा किनाऱ्यावरच्या माणसाच्या पायाखाली येणारा जिन्नस. समुद्रापासून एवढ्या दूरवर आणून कोणा कारागिराने त्याच्या पातळ चकत्या केल्या, वेलीच्या पानाएवढ्या कापल्या, दगडात तेवढेच खाचे कोरले आणि त्यांत त्या अशा बसवल्या की चार शतकांनंतरही नख शिरत नाही. आत्याबाईंच्या रुखवतातल्या कवड्या आम्हांला तिथे आठवल्या. राजाचा महाल झाला म्हणून सजावटीचे मूळ सूत्र बदलत नाही.

चौबारा हा जुन्या शहराच्या मध्यावरचा उंच गोल बुरूज. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत बिदरीची दुकाने आणि कारखाने आहेत. कारखाना म्हणजे अंगणवजा एक खोली. आम्ही ज्या खोलीत बसलो, तिथल्या म्हाताऱ्या उस्तादांनी चहा मागवला आणि काम पुढे चालूच ठेवले, म्हणून आम्हांला सारे क्रमाने पाहता आले.

बिदरीचा मूळ धातू जस्त. सोळा भाग जस्तात सुमारे एक भाग तांबे घालून तो वितळवतात. मातीत एरंडेल आणि राळ मिसळून साचा करतात व त्यात रस ओततात. निघालेली वस्तू करडी, ओबडधोबड, कोणी रस्त्यावर टाकली तर उचलणार नाही अशी असते. कानशीने घासून ती गुळगुळीत केली की तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो, आणि मग त्यावर पोलादी टोकाने काढलेली नक्षी स्पष्ट दिसते. बारीक छिन्नीने ती नक्षी कोरायची, कोरलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पातळ पत्रा ठोकून बसवायचा, आणि पुन्हा घासायचे. घासल्यावर मोरचुदाचा काळेपणा जातो. पांढरट जस्तात पांढरी चांदी हरवून जाते. एवढ्या कष्टांची नक्षी या टप्प्यावर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.

यानंतर येते ती किल्ल्याची माती. जिथे ऊन-पाऊस पोचत नाही, अशा जुन्या, बंदिस्त भागातील ही माती कारागीर आणतात. ती नवसागराबरोबर पाण्यात कालवून कढत करतात आणि वस्तू त्यात बुडवतात. जस्त काळेभोर होते. चांदीला मात्र ते पाणी काही करीत नाही. काळ्या रात्रीत चांदणे उमटावे, तशी वेल वर येते. शेवटी तेलाचा हात फिरवला की काळा रंग खोल होतो. या मातीत सोऱ्यासारखे क्षार असतात, असे जाणकार सांगतात. उस्तादांना मात्र रसायनशास्त्राची गरज नव्हती. चिमूटभर माती जिभेवर ठेवून ते ती चांगली की वाईट, हे ओळखतात.

बिदरीला २००६ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली आणि २०२३ साली बीदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. या दोन्ही गोष्टी त्या खोलीत प्रत्येक जण अभिमानाने सांगत होता.

आम्ही आमच्या आरशाचे माप काढून दाखवले. उस्तादांनी वितीने मोजले, मनाशी हिशेब केला आणि जी रक्कम सांगितली ती आमच्या आवाक्याबाहेरची होती. वर चार महिने लागतील, म्हणाले. आमच्या दोघांत भाव करण्याचे खाते ज्याच्याकडे आहे, त्याने नेहमीचा प्रश्न टाकला : "जस्ताला असा काय भाव आहे? आणि चांदी ती केवढीशी!"

उस्ताद रागावले नाहीत. हातातली छिन्नी खाली ठेवून ते म्हणाले, "जस्त सस्ताच आहे, साहेब. माती तर फुकट आहे. तुम्ही चार महिने विकत घेताहात."

ते वाक्य बरोबर घेऊन आम्ही रिकाम्या हाताने बाहेर पडलो.

बीदर आणि कलबुर्गी ही शहरे २०१७ च्या ऑक्टोबरपासून हुमनाबादमार्गे थेट रेल्वेने जोडली गेली आहेत. पूर्वीच्या गुलबर्ग्याचे कलबुर्गी हे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत झाले. आमच्या पिढीच्या तोंडी अजून दोन्ही नावे येतात. आम्ही वाटेत हुमनाबादला उतरलो, माणिकप्रभूंचे दर्शन घेतले आणि तिथून बसने बसवकल्याणला एक दिवस जाऊन आलो. चौकटीशी या फेरीचा संबंध नव्हता. कल्याणच्या वाटेने जाऊन कल्याण न पाहता परतणे आमच्या वडिलांना कधी रुचले नव्हते, एवढेच कारण.

पण संबंध निघाला. बाराव्या शतकात याच कल्याणात बसवेश्वर आणि त्यांचे शरण यांनी 'कायक' हा विचार मांडला : ज्याने त्याने प्रामाणिक कष्टाने मिळवावे, आणि तेच त्याचे पूजन. त्या मंडळींत न्हावी, चांभार, नावाडी, दोरखंड वळणारे असे सारेच होते. आयदक्की लक्कम्माची गोष्ट इकडच्या कानडी घरांत आणि मराठी घरांतही सांगतात. तिचा नवरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने ते पाहिले आणि म्हटले, आपल्याला लागतात तेवढेच आपले. उरलेले जिथून आणले तिथे टाकून या. वेचलेल्या दाण्याचीही नीती असते, हे त्या बाईला ठाऊक होते. बसमध्ये बसल्यावर बीदरच्या उस्तादांचे बोलणे आणि लक्कम्माची गोष्ट आमच्या डोक्यात एकत्र घोळू लागली. आपण स्वस्तात काही करू पाहतो, तेव्हा नेमके काय वाचवतो आणि कोणाचे वाचवतो?

कलबुर्गीच्या सुपर मार्केट भागात अर्धा दिवस काढला, तेव्हा सजावटीच्या साहित्याचा ढीगच पुढे आला. गोल, चौकोनी, तिकोनी आरशाचे तुकडे पुड्यांत बांधलेले. रंगीत दोऱ्यांच्या लड्या. पांढऱ्या कवड्या, कथिलाची फुले, लोकरीचे गोंडे. सारे मिळून चारशे रुपयांच्या आतच झाले.

हे आरशाचे तुकडे आज इतके स्वस्त आहेत, त्याला एक इतिहास आहे. काचेच्या मागे कथील आणि पारा लावून आरसे करीत, तेव्हा आरसा ही श्रीमंतांची वस्तू होती. १८३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने काचेवर चांदीचा पातळ थर बसवण्याची रासायनिक रीत शोधली, आणि पुढे आरसा हळूहळू सामान्यांच्या भिंतीवर आला. भरतकामाच्या आरशांची तऱ्हा निराळी. गुजरातेतील कपडवंज हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे काचेचा मोठा पातळ फुगा फुंकून, त्याला आतून चंदेरी करून, मग तो फोडून तुकडे कापीत. फुग्याचाच तुकडा असल्याने अशा आरशाला किंचित बाक असतो, आणि म्हणून कपड्यावर तो प्रत्येक हालचालीला चमकतो. बाजारातले आताचे यंत्राने कापलेले तुकडे सपाट असतात. ते एकाच बाजूने उजळतात.

आरसे घेतले, पण ते बसवणार कोण? दुकानदारानेच चित्तापूरच्या वाटेवरच्या एका लमाणी तांड्याचा रस्ता सांगितला.

या जिल्ह्यातून प्रवास करणाऱ्याला बंजारा समाजाचे तांडे जागोजागी लागतात. एके काळी हे लोक हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत. राजांच्या फौजा त्यांच्या पुरवठ्यावर चालत. पक्के रस्ते आणि आगगाडी आली, तसा त्यांचा व्यवसाय गेला आणि तांडे एकेका ठिकाणी स्थिरावले. स्थिरावले तरी अनेकांच्या पायाखालची जागा कागदोपत्री त्यांची नव्हती. १९ जानेवारी २०२३ रोजी, राष्ट्रकूटांची जुनी राजधानी असलेल्या मळखेड येथे, अशा वस्त्यांतील पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांना घरजागेचे हक्कपत्र देण्यात आले. आम्ही गेलो त्या तांड्यात सेवालाल महाराजांचे छोटे देऊळ होते, बाभळीखाली शेळ्या होत्या आणि बहुतेक तरुण माणसे ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याकडे बांधकामावर गेलेली होती.

ओसरीत बसलेल्या एका प्रौढ बाईंनी आमचे बोलणे ऐकून घेतले. त्या स्वतः साधे लुगडे नेसल्या होत्या. आईची फेटिया आणि काचळी त्यांनी पेटीतून काढून दाखवली. लाल आणि निळ्या कापडावर आरसे, कवड्या, नाणी. इंचभर जागा रिकामी नाही. हल्ली असा पोशाख रोज कोणी घालत नाही, सणाला आणि लग्नालाच निघतो, असे त्या म्हणाल्या. संडूरकडच्या त्यांच्याच भगिनींच्या कामाला मात्र मोठा मान मिळाला आहे. त्या भरतकामाला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० परिषदेच्या वेळी साडेचारशेंहून अधिक लमाणी स्त्रियांनी केलेल्या १७५५ नगांच्या मांडणीची गिनेस विक्रमात नोंद झाली. कलबुर्गीच्या या ओसरीपर्यंत तो मान अजून पोचलेला नव्हता.

आरसा कापडावर कसा धरला जातो, हे आम्ही त्या दिवशी प्रथमच जवळून पाहिले. काचेला भोक नसते, डिंक नसतो. आधी आरशावरून दोन दोरे उभे, दोन आडवे असे ताणून चौकट बांधतात. मग त्या चार दोऱ्यांना सुई अडकवून गोल गोल टाके घालतात. दर टाक्यागणिक दोरे बाहेरच्या बाजूस ओढले जातात, काच उघडी होत जाते आणि तिच्याभोवती दोऱ्याची घट्ट वळी तयार होते. आरसा टाक्यांच्या मिठीत राहतो. दोरा सैल पडला तर काच निसटते. फार आवळला तर कड दोरा कापते. हे माप सुईवर लिहिलेले नसते.

आमची गरज आम्ही सांगितली : आरशाभोवती बसवायला तीन इंच रुंदीची, एकूण सात फुटांहून थोडी जास्त लांबीची भरतकामाची पट्टी. बाईंनी बोटे मोजली. घरचे सारे आवरून रोज तीनएक तास बसले, तर बारा दिवस. मजुरी तीन हजार.

भावाचे खाते पुन्हा जागे झाले. "साहित्य तर आमचेच आहे, चारशेचेसुद्धा नाही. आठशे घ्या." हे बोलताना आम्हांला वावगे असे काही वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. हाताने केलेली वस्तू स्वस्त पडते म्हणून तर घरी करायची, हा हिशेब आम्ही लहानपणापासून पाठ केलेला.

बाईंनी पुडीतला एक आरसा उचलून उन्हात धरला. त्याचा कवडसा ओसरीच्या भिंतीवर नाचला. आपल्या दक्खनीत त्या म्हणाल्या, "कांच बाजारका, धागा बाजारका. आँखां तो हमारे हैं ना, अक्का?"

बीदरला ऐकलेले वाक्य दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या तोंडून पुन्हा समोर उभे राहिले. छत्तीस तासांचे तीन हजार, म्हणजे तासाला ऐंशी-पंच्याऐंशी रुपये. हैदराबादेत नळाचा वॉशर बदलणाऱ्याला आम्ही अर्ध्या तासाचे तीनशे निमूटपणे देतो. आणि भालकीच्या त्या गल्लीत पन्नास वर्षे रात्र रात्र जागून रुखवते करणाऱ्या आत्याबाईंना कोणी काय दिले होते? एखादे लुगडे, एखादा नारळ. ते काम कोणी मजुरीत धरलेच नाही. "बसल्याबसल्या करते, तेवढाच तिचा वेळ जातो," असे म्हणत. आम्हीही तसेच म्हटलेले आहे.

आम्ही तीन हजारांवर हो म्हटले आणि निम्मे पैसे तिथेच दिले.

वाचकांपैकी कोणाला घरी अशी चौकट करायची असेल, तर आमच्या चुकीसह सारे सांगतो. हैदराबादेस परतल्यावर आम्ही आधी एका साध्या आरशावर रंगीत तालीम केली. आरशाची पाठ सरळ प्लायवूडला उग्र वासाच्या सरसाने चिकटवली. तीन आठवड्यांत काचेत मागून तपकिरी डाग उमटले. सरसातील द्रव्याने पाठीवरचा रंग आणि त्याखालचा चांदीचा थर खाल्ला होता. जुन्या आरशावर हा प्रयोग केला असता, तर आत्याबाईंना तोंड दाखवायची सोय उरली नसती.

म्हणून दुसऱ्या खेपेस पाठ चिकटवलीच नाही. सुताराकडून अठरा इंच रुंद, चोवीस इंच उंच असा जाड प्लायवूडचा तुकडा घेतला. बारा गुणिले अठराचा आरसा मध्ये ठेवल्यावर चारी बाजूंना तीन-तीन इंच जागा उरते. आरशाच्या कडांना वॉर्निशचे दोन हात दिले, कारण दमट हवा कडेनेच आत शिरते आणि काळे डाग तिथूनच वाढत जातात. आरशाखाली मऊ लोकरी कापड अंथरले. चारी बाजूंनी आरशाच्या जाडीची लाकडी पट्टी ठोकली आणि तिच्यावर, काचेची कड जेमतेम झाकेल अशी, दुसरी पातळ पट्टी बसवली. आरसा त्या खोबणीत नुसता बसतो. उद्या काढायचा झाला तर खिळे काढून काढता येतो. भरतकामाची पट्टी बारीक खिळ्यांनी कडेला ताणून बसवायची. कोपऱ्यांत ती कापायची नाही, आत दुमडायची. मागे दोन कड्या आणि त्यांत दुहेरी तार. आरसा वजनदार असतो. तो दोऱ्यावर टांगू नये.

तांड्यावर ठरल्या दिवशी गेलो, तेव्हा पट्टी तयार होती. दर चार बोटांवर एक गोल आरसा, मध्ये पिवळ्या-तांबड्या दोऱ्याची सूर्यफुले, कडेने कवड्यांची रांग. उरलेले पैसे दिले. बाईंनी दोन आरसे आणि मूठभर कवड्या उरल्या म्हणून परत केल्या. आम्ही "राहू द्या" म्हटले. त्यांनी ऐकले नाही. कल्याणची लक्कम्मा आम्हांला ओसरीत भेटली.

लग्नाआधी आठ दिवस आम्ही सारे सामान घेऊन भालकीस पोचलो. माजघरात सतरंजी अंथरली, ट्रंकेतला आरसा काढला आणि आत्याबाई खुर्चीवर बसून देखरेख करू लागल्या. पहिलीच सूचना आली, "काचेवर आधी वर्तमानपत्र लावा." लहानपणापासून आम्ही हे पाहत आलो होतो. रुखवताचा आरसा सजवताना त्या नेहमी काच कागदाने झाकून घेत, चारी कडांना कणकेची खळ लावून. खळीचे, रंगाचे डाग काचेवर पडू नयेत म्हणून, असे आम्ही समजत होतो. कारण खरेही होते. आम्ही कागद लावला.

काम दुपारपर्यंत चालले. खिळे मारता मारता कोणीतरी सहज विचारले, "आत्याबाई, तुम्ही इतक्या जणींचे आरसे केलेत, हा तुमचा एवढी वर्षे ट्रंकेतच का ठेवलात?"

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "उदगीरहून आले, तेव्हा आईनेच तो ट्रंकेत घातला. माझ्यासारखीने आरशात पाहायचे नसते, म्हणाली. ती वाईट नव्हती. लोक काय म्हणतील, याला भ्याली. पुढे रुखवते करू लागले, तेव्हा काच झाकून घ्यायची सवय लागली. काम करताना चुकून दिसायला नको, म्हणून."

हातोडी जिथल्या तिथे थांबली. साठ-पासष्ट वर्षे त्या कागदाचा अर्थ घरातल्या एकालाही कळला नव्हता. कपाळ पुसणे गेले, केशवपन त्याआधीच गेले होते. आत्याबाईंनी पुढे गावातल्या शाळेत शिवणाचे वर्ग घेतले, मतदान केले, तिरुपतीला जाऊन आल्या. पण आईने झाकलेली काच त्यांनी स्वतः उघडली नाही, आणि उघड म्हणून आम्हीही कधी सांगितले नाही.

चौकट पुरी झाली. आरसा भिंतीशी उभा केला. कागद अजून तसाच होता. पुतणी पुढे झाली आणि कागदाच्या कडेला हात घालून थांबली. "आजी, तुम्हीच काढा," ती म्हणाली.

आत्याबाई उठल्या. खळ वाळली होती. त्यांनी ओल्या पदराने कडा भिजवून कागद सावकाश सोडवला. काच पुसली. माजघरातल्या उजेडात चौकटीवरचे छोटे आरसे लुकलुकले आणि मधल्या मोठ्या काचेत एक पांढऱ्या केसांची, बारीक चणीची बाई उभी राहिली. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिले. कानामागची एक बट नीट केली. मग वाकून चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले.

"इथली कवडी तिरपी बसली आहे."

"काढून नीट करू का?" आम्ही विचारले.

"राहू दे," त्या म्हणाल्या, "त्या बाईंच्या हातची आहे." आणि हातातल्या वर्तमानपत्राचा बोळा करून त्यांनी तो परसातल्या बंबात टाकला.